थोरल्या मशिनीचं माहेरपण

माझ्या सासऱ्यांना धूळ ओढायच्या जुन्या मशिनी जमवायचा नाद आहे, हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. मध्यस्थानं माझ्या वडिलांना सांगितलं ते एवढंच : घर साखरखेर्ड्याचं, वावर बऱ्यापैकी, सासरे बुलढाण्याच्या कोर्टात नाझर, म्हणजे जप्त्या-लिलाव करणारे अंमलदार, होते, आता पेन्शनीत आहेत, माणूस निर्व्यसनी. निर्व्यसनी! माझ्या वडिलांचं शेगावच्या स्टेशनासमोर चहा-फराळाचं दुकान. रोज गाडीतून उतरणारी नाना तऱ्हेची माणसं पाहायची त्यांना सवय, पण या एका शब्दाला तेही फसले. अहो, दारू पिणारा माणूस निदान सकाळी उशिरापर्यंत झोपून तरी राहतो. आमचे मामंजी पहाटे उठून भात्यांच्या चामड्याला एरंडेल चोळत बसायचे.

या मशिनींना साहेब लोक व्हॅक्यूम क्लीनर म्हणत. मामंजी मराठीत 'धूलिशोषक यंत्र' म्हणत. गावातली माणसं सरळ 'नाझराचा भाता' म्हणायची, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना 'माह्या सवती' म्हणायच्या. सवतींना मामंजींनी नावंही तशीच दिली होती. जी सगळ्यांत जुनी ती थोरली, मग मधली, मग धाकटी, आणि अशा करत करत अख्खी पडवी भरली होती. आम्हा दोघांना निजायला जागा नव्हती, आम्ही धान्याच्या खोलीत कणग्यांच्या मध्ये निजायचो. सवती मात्र पडवीत, वाऱ्यावर, पांढऱ्या धुतल्या चादरी पांघरून ऐसपैस.

बरं, त्या काळात बुलढाणा जिल्ह्यात या मशिनी आल्या कुठून, असं तुम्ही विचाराल. बुलढाणा घाटावर, हवा थंड, म्हणून गोरे साहेब तिथं टिकायचे. साहेबाची बदली झाली किंवा तो कायमचा विलायतेला निघाला की बंगल्यातल्या सामानाचा लिलाव व्हायचा. खुर्च्या, कपबशा, कुत्र्याची टोपली, मडमेच्या टोप्या. त्यातच कोपऱ्यात एखादं हे धूड असायचं. यांना वीज लागत नसे, हातानं किंवा पायानं चालवायच्या. एक होती सायकलच्या पंपासारखी, पण माणसाच्या उंचीची. एक चाकांवरची, ढकलली की आतला भाता हलायचा. एक मात्र विजेची होती, कापडी पिशवी लोंबणारी, आणि आमच्या गावात विजेचा खांब सोडा, विजेचा शब्दही कोणी पावसाळ्याखेरीज काढत नसे. मामंजी तिची वायर महिन्यातून एकदा उलगडायचे, पुसायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे. "येईन वीज," म्हणायचे. "आपुन तयार पाह्यजे."

आणि घर कसलं? धाब्याचं. छत मातीचं, भिंती मातीच्या, जमीन शेणानं सारवलेली. धाब्यातून रोज ओंजळभर माती ताटात गळायची. असल्या घरात धूळ ओढायची म्हणजे घरच ओढायचं. मी नवी नवरी असताना एका सोमवारी सकाळी आत्याबाईंनी ओसरी सारवली, मी रांगोळी काढली, आणि दुपारी मामंजींनी मला कौतुकानं मशीन दाखवायला काढली. चार हात फिरवली असेल नसेल, तर सारवणाचे पापुद्रेच्या पापुद्रे निघून नळीत गेले आणि मागं गाईच्या अंगावरच्या खरजेसारखे डाग राहिले. मामंजी आनंदानं म्हणाले, "पाह्यलं, काय ओढ आहे!" आत्याबाई शेणाच्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी जमीन पाहिली, मशीन पाहिली, मग नवरा पाहिला.

"अवं माय! माह्यी जमीन खाल्ली तिनं!"

त्या दिवसापासून मशीन फक्त जाजमावर चालवायची असं ठरलं. जाजम आमच्याकडे नव्हतं. ते आणलं.

नुसतं जमवून भागत नाही, ओळखावं लागतं, असं मामंजी म्हणायचे. बहुतेक मशिनींवरच्या पितळी पाट्या कोणीतरी उपटून नेलेल्या असायच्या. मग कोणती कधीची हे ठरवायचं कसं? मामंजींची रीत नाझराची होती. आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन वस्तूंचे पंचनामे केलेला माणूस. त्यामुळे नवी मशीन आली की चावडीवरचे पाच जण पंच म्हणून बोलवायचे, त्यांना ओळीनं बसवायचं, चहा पाजायचा, आणि उभं राहून खणखणीत आवाजात सुरू करायचं : "सदरहू यंत्राची बैठक सागवानी, भाते दोन, तोंड पितळी, चामडं हरणाचं, रंग उडालेला. सबब सदरहू यंत्र धाकटीपेक्षा वयानं मोठं दिसतं. पंचांना मान्य?"

"हाव, मान्य," पंच म्हणायचे. मान्य नसायला त्यांना काय झालं होतं? चहा मिळत होता, तंबाखू मिळत होती. एकानं एकदाच धीर करून विचारलं, "नाझरसाहेब, थे भजनाची पेटी तं नाई ना?" त्याला पुन्हा पंच म्हणून बोलावलं नाही.

या पंचनाम्यांतून किती शहाणपण निघायचं ते सांगते. 'मधली' म्हणून मोठ्या थाटानं मिरवलेली एक मशीन होती. पंचांनी मान्य केलेली, चादर पांघरलेली. एकदा मेहकरचे दोन वकील जेवायला आले असताना मामंजींनी ती चालू केली आणि तिनं ओढायच्या ऐवजी फुंकलं. आतली कसली तरी जुनी पिवळी भुकटी भसकन उडून वकिलांच्या मिशांवर बसली. ती मुळात प्लेगच्या दिवसांत उंदरांच्या बिळांत औषध फुंकायचा भाता होती. वकील दिवसभर शिंकत होते, देवाची कृपा म्हणून त्याहून जास्त काही झालं नाही. मामंजींनी काय म्हणावं? "दिशा उलटी आहे, पण जात तीच." आणि मधली मधलीच राहिली.

या सगळ्यांत थोरलीचा मान वेगळा. ती संदुकीएवढी लाकडी पेटी, आत दोन भाते, वर एक आडवी फळी. एका माणसानं फळीवर दोन पाय रोवून एकदा डावा एकदा उजवा असा भार टाकायचा, दुसऱ्यानं नळी धरून जमिनीवर फिरवायची. ही आली एका गोऱ्या इंजिनिअराच्या बंगल्यावरच्या लिलावातून. साहेबानं लिलाव पुकारायला आमच्या मामंजींनाच बोलावलं होतं. आता पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही, हा साधा न्याय. म्हणून मामंजींनी आत्याबाईंच्या भावाला पुढं उभं केलं. त्याच लिलावाला तेव्हाचे एक तहसीलदार आले होते. त्यांनाही हाच नाद! अख्ख्या जिल्ह्यात असली दोनच माणसं, आणि दोघांचा डोळा एकाच पेटीवर. तहसीलदारांच्या तोंडात पान होतं. ते बोली वाढवायच्या आधी पान थुंकायला व्हरांड्याच्या कडेला गेले. मामंजींनी "एक बार दो बार तीन बार" हे एका दमात असं उरकलं की तहसीलदार तोंड पुसत परत आले तेव्हा थोरली आत्याबाईंच्या भावाची झाली होती. वऱ्हाड कागदावर निजामाचं आणि कारभार नागपूरच्या इंग्रजांचा, तशी थोरली नावापुरती मेव्हण्याची आणि राहायला मामंजींकडे. तहसीलदार त्या दिवसापासून आमच्या घराचं पाणी पीत नव्हते.

आणि नेमका त्यांचाच मुलगा आमच्या नणंदेच्या मनात भरावा!

नणंद माझ्याहून वर्षा-दीड वर्षानं लहान. मराठी सातवी पास झालेली, अक्षर मोत्यासारखं, डोकं मामंजींचं आणि जीभ आत्याबाईंची. माझ्या लग्नात शेगावला तिनं त्या मुलाला पाहिलं. तो खामगावच्या हायस्कुलात मास्तर होता आणि माझ्या वडिलांच्या ओळखीनं आला होता. जेवणं झाल्यावर त्यानं हिच्याकडे पाणी मागितलं, प्यायला, आणि पेला स्वतः विसळून उपडा ठेवून गेला. बस्स, एवढंच! पुरुषमाणसानं स्वतःचा पेला विसळलेला आमच्या नणंदेनं जन्मात पाहिला नव्हता. मी सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं हे मला चुलीपुढं बसून सांगितलं. "वयनी, त्यानं पेला इसयला वं," असं म्हणाली आणि तांबडीलाल झाली. त्यानंतर दोन स्थळं आली, दोन्ही तिनं काहीबाही खोडी काढून परतवून लावली. एकाचे कान मोठे, एकाची आई मोठी. खरं कारण मला आणि आत्याबाईंना ठाऊक होतं. पोरीचा जीव तिथं अडकला होता आणि वय वाढत होतं. अजून वर्ष गेलं असतं तर बिजवराशिवाय कोणी दारात उभं राहिलं नसतं, असा तो काळ.

शेवटी आत्याबाईंनी आपल्या भावालाच, त्या थोरलीच्या कागदोपत्री मालकालाच, खामगावला धाडलं. त्यानं तहसीलदारांच्या किती मिनतवाऱ्या केल्या देव जाणे, पण परत आला तो उड्या मारतच. तहसीलदार येतात म्हणाले! मुलासकट येतात! मुलगी पाहिलेलीच आहे, पसंत आहे, थेट याद्याच करून, देणंघेणं ठरवून टाकू म्हणाले! आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. नणंद मागच्या दारी जाऊन गोठ्यात उगाच गाईला थोपटत बसली. मामंजी म्हणाले, "येऊ द्या. थोरलीवर धुतलेली चादर घाला."

हुरड्याचे दिवस होते. पाहुणे मेहकरपर्यंत मोटारीनं आले, पुढं आमची बैलाची दमणी गेली होती. तहसीलदार आता पेन्शनर, पण उतरले ते दौऱ्यावर आल्यासारखे. कॉलेजसाठी दोन वर्षं पुण्याला राहिलेले, म्हणून बोलणं सगळं आपण-आम्ही-कृपया. मुलगा मागं, खाली मान घालून. सरळ नाक, बरा होता दिसायला, खोटं का बोलू? बैठकीत जाजम अंथरलं होतं, मध्ये सुपाऱ्या, हळद-कुंकू आणि अक्षतांचं ताट. मामंजींनी याद्यांसाठीही पंचांना बोलावून ठेवलं होतं. पोरीच्या लग्नाला कशाला हवेत पंच, असं आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पुढं वाद नको." आम्ही तिघी माजघराच्या दाराआड. नणंदेनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

तहसीलदारांनी घसा खाकरला. यावेळी तोंडात पान नव्हतं, त्यांनी काळजी घेतली होती.

"आम्हाला हुंडा नको," ते म्हणाले.

आत्याबाईंच्या भावाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पंच एकमेकांकडे बघायला लागले. हुंडा नको म्हणणारा तहसीलदार त्यांनी पाहिला नव्हता, आम्हीही नव्हता पाहिला.

"मानपान नको, पोशाख नको, अंगठी नको. मुलगी आणि नारळ." मग त्यांनी हळूच मान वळवली आणि पडवीकडे बोट केलं. "आणि आठवण म्हणून ती एक वस्तू."

बोट बरोबर थोरलीच्या चादरीवर होतं.

मामंजींचा चेहरा असा झाला, जणू कोणी मुलगीच मागितली! काय सांगू, मुलगी मागितली तेव्हा तर हसत होते. ते सावरून बसले. "तुम्ही गावाखालचं वावर घ्या," म्हणाले. तहसीलदारांनी मान हलवली. "इहिरीसकट घ्या." मान हलवली. "दमणी घ्या, बैलासकट." मान हलवली. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, आतापर्यंत गप्प होते, पण वावर-विहीर-बैल असं सगळं वारसाहक्काचं आपल्या डोळ्यांदेखत वाटलं जाताना पाहून त्यांनाही कंठ फुटला. "बाबा, देऊन टाका ना थे खटारं!"

"खटारं?" मामंजी आणि तहसीलदार दोघंही एकदम ओरडले. त्या दिवशी त्यांचं पहिलं एकमत झालं ते तिथं.

आत्याबाईंना राहवलं नाही. पाहुण्यांसमोर बाईमाणसानं बोलू नये ही सगळी शिस्त चुलीत घालून त्या दाराआडूनच म्हणाल्या, "अवो, पोरीचं पाहा ना जरा! मशीन कवटाळून का जाता वरती?"

मामंजी ऐकेनात. मग तहसीलदारांनी दुसरा डाव टाकला. उठले, पडवीत गेले, चादर काढली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "एवढा जीव टाकण्यासारखं यात आहेच काय? ही नळी मूळची नाही. ही हुक्क्याची नळी आहे. आमच्याकडे हिच्याहून जुनी आहे." झालं! मामंजी ताडकन उठले. नळीचा अपमान सहन झाला असता, वयाचा नाही. "पंच, इकडं या!" पाचही पंच उठून पडवीत. सदरहू यंत्र, सागवानी बैठक, हरणाचं चामडं, सगळं पुन्हा सुरू. तहसीलदार मध्येच, "आक्षेप आहे, चामडं मेंढीचं आहे." पंचांतला सगळ्यांत म्हातारा वैतागून म्हणाला, "साहेब, आमाले तं दोन्ही बी मेलेलेच दिसते."

शेवटी चालवून पाहू असं ठरलं. थोरली उचलून जाजमावर आणली, ताटाच्या शेजारीच. फळीवर कोण चढणार? "मी," तहसीलदार म्हणाले. कोट काढला, धोतर खोचलं आणि चढले. मामंजींनी नळी धरली. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय. पेटी घरघरायला लागली, भाते फुगायला लागले, तहसीलदारांच्या कपाळावर घाम आला. मामंजी नळी जाजमावरून अशी फिरवत होते जशी आई तान्ह्या पोराच्या अंगावरून हात फिरवते. आणि फिरवता फिरवता नळीचं तोंड त्या ताटावरून गेलं. कुंकू सरसर नळीत! मागोमाग चार अक्षताही.

"वढलं बे!" तहसीलदार ओरडले. पुणं गेलं, कॉलेज गेलं, आपण-आम्ही-कृपया सगळं गेलं. "नाझर, वढलं! कुकू वढलं!"

"मंग! सांगून राह्यलो नाई का मी?"

"लय जबर मशीन हाये राजेहो!"

आणि ते दोघं म्हातारे, एक फळीवर आणि एक नळीला, एकमेकांकडे पाहून खो खो हसायला लागले. मघापर्यंत एकमेकांचं पाणी पीत नव्हते ते. आत आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. पोरीच्या याद्यांचं कुंकू मशिनीनं खाल्लं होतं आणि बाहेर आनंद मावत नव्हता.

पण खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की चला, जमलं. हसले ना, मग सगळं होईल. नणंदेनं माझा पदर आणखी घट्ट धरला. ती दाराच्या फटीतून त्याच्याकडे पाहत होती. तो अजून खाली मान घालूनच बसला होता आणि तिला तीसुद्धा त्याची नम्रता वाटत असावी.

मैत्री झाल्यावर तोडगाही निघाला. काढला तो आमच्या मामंजींनीच, डोळे पुसत. थोरली पोरीसोबत खामगावला जाईल. पण कायमची नाही. पोर माहेरी आली की थोरलीही माहेरी येईल. पोर सासरी निघाली की थोरलीही निघेल. तहसीलदारांना हे पटलं. मग लगेच घासाघीस सुरू. दिवाळीला किती दिवस? अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला? नागपंचमीला यायलाच पाहिजे, मामंजी म्हणाले, पावसाळ्यात चामडं आखडतं, मला तेल द्यावं लागतं. नागपंचमीला नको, तहसीलदार म्हणाले, दमट हवेत प्रवास सोसत नाही. कोणाला सोसत नाही, हे आम्ही आत तिघी ऐकत होतो. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मामंजींनी आठवण केली, म्हणजे तीन-चार महिने. तहसीलदार विचारात पडले. "तीन-चार महिने फार होतात. बाळंतपण तिकडेच करू."

"दीड महिना," मामंजी म्हणाले.

"सव्वा."

"पंचांना मान्य?"

"हाव, मान्य."

मी नणंदेकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही. आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

आमच्या यांना अखेर शहाणपण सुचलं. ते त्या मुलाकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं बी काही म्हननं असन ना? लग्न तुमचं हाये. हे असं येनं-जानं तुमाले चालते का?"

मुलानं पहिल्यांदा मान वर केली. नणंदेचा श्वास थांबल्याचं मला कळलं, इतकी ती माझ्या जवळ होती. तो उठला. जाजमावरून चालत थोरलीपाशी आला, गुडघ्यावर बसला, भात्याच्या घडीत बोट घालून पाहिलं. हळुवार, अगदी जपून. मग मामंजींना विचारलं, "चामडं मूळचं आहे का?"

माझ्या पदराचं टोक सुटलं.

मी वळले तोवर ती बैठकीत गेलेली. डोक्यावरचा पदर नीट, आवाज नीट. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती बापासमोर उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली, "गाडीवान हाये ना आपला? त्याच्यासंगं पाठवत जा मशीन. दिवाळीले बी अन् नागपंचमीले बी. मधात मी काऊन पाह्यजे?"

तहसीलदार फळीवरून उतरायला लागले, एक पाय जमिनीवर, एक अजून वर. "हा काय प्रकार आहे?" ते परत पुण्याचे झाले होते.

"मले हे लग्न नाई करायचं," ती म्हणाली, आणि त्या मुलाकडे एकदा सरळ पाहिलं. तो अजून भात्यापाशीच बसला होता. त्याला, देवा शप्पथ, अजून त्याच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

तहसीलदारांनी कोट घातला. बटणं लावली. शेवटचं बटण लावताना घसा साफ करून म्हणाले, "ठीक आहे. मुलीची इच्छा नसेल तर आमचा आग्रह नाही. परंतु यंत्राबाबत जे ठरलं होतं..."

मामंजींच्या अंगात नाझर संचारला. असं ताठ उभं राहिलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "यंत्र मुलीसोबत द्यायचं ठरलं होतं. मुलगी येत नाही, सबब यंत्रही येत नाही. पंचांना मान्य?"

"हाव, मान्य!" पंच यावेळी जरा जोरातच म्हणाले.

दमणी निघाली. मुलानं वळून एकदा मागं पाहिलं, कशाकडे ते मी सांगत नाही. पंच सुपाऱ्या उचलून घरी गेले. आत्याबाई चुलीपुढं बसून रडत होत्या, पुरण तसंच पडलं होतं. पुढं नणंद अमरावतीला मास्तरणीचं शिकायला गेली, नोकरी केली, पोटापाण्याला कोणाच्या दारात उभी राहिली नाही. तिचं चांगलं झालं असं लोक म्हणतात, मीही म्हणते. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी ती बैठकीत जाजमाच्या मधोमध उभी होती आणि जागची हलत नव्हती. ती वाट पाहत होती. बाप रागावेल, ओरडेल, निदान डोक्यावर हात ठेवेल, काहीतरी. दोन वर्षं मनात जपलेलं माणूस तिनं आत्ताच सगळ्यांसमोर टाकून दिलं होतं.

मामंजी आले. चेहरा उजळलेला होता. मला त्यांचा तो चेहरा आठवला की आजही संताप येतो. सुटल्याचा आनंद नुसता ओसंडत होता, आणि तो लपवायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"बरं केलंस माय," ते म्हणाले. "वाचवलंस वं बाई तू."

"कोणाले, बाबा?" तिनं विचारलं.

मामंजी खाली बसले होते. थोरलीच्या पितळी तोंडात अडकलेलं कुंकू ते उपरण्याच्या टोकानं काढत होते. त्यांना ऐकू आलं नाही.